नकाशातला न खोदलेला तुकडा

आमच्या घरात कुणी कुणावर चटकन विश्वास ठेवत नाही. दूधवाल्याचं माप, गॅस सिलिंडरचं वजन, डॉक्टरने लिहून दिलेल्या तपासण्या, पाहुण्यांनी आणलेली मिठाई, सगळ्याकडे आम्ही आधी डोळे बारीक करून बघतो. मी तीस वर्षं इंदूरच्या शाळेत भूगोल शिकवला आणि एकाही मुलाचं पोटदुखीचं कारण खरं मानलं नाही. लग्नाच्या वेळीही तेच. जो मुलगा बघायला यायचा त्याच्या बाबतीत कुठेतरी पाणी मुरतंय असं वाटायचं. आई गेल्यावर मी आणि बाबा असे दोघंच या सुदामा नगरातल्या घरात उरलो.

हा गुण बाबांचा. ते सातपुड्यातल्या एका कोळशाच्या खाणीत सर्व्हेयर होते, म्हणजे जमिनीखाली कुठे किती खोदलं ते मोजून त्याचा नकाशा काढणारे. खाणीत आत शिरलं की माणूस आधी हातातल्या काठीने वरचं छत ठोकतो. टणक आवाज आला तर पुढे जायचं, बद्द आवाज आला तर निमूट मागे फिरायचं. बाबांनी ही सवय इंदूरलाही आणली. हे घर घेताना त्यांनी प्रत्येक खोलीतली फरशी छत्रीच्या टोकाने ठोकून पाहिली होती आणि घर विकणारा गृहस्थ "भाईसाहब, नई फर्शी है, टूट जाएगी" म्हणत त्यांच्या मागून फिरत होता. आता ते शहाऐंशी वर्षांचे आहेत. नारळ, माठ, टरबूज यांपलीकडे ठोकायला फारसं काही राहिलेलं नाही.

गेल्या दिवाळीनंतर भावाचा फोन आला. तो माझ्याहून चार वर्षांनी लहान. आम्ही ते खाणीचं गाव सोडून इंदूरला आलो, पण पुढे त्याला सरकारी नोकरी लागली ती नेमकी त्याच भागात, बायकोही तिथलीच मिळाली आणि तो तिकडेच रमला. त्याने खाणीच्या जुन्या दवाखान्याच्या मैदानात प्लॉट घेतला होता आणि बाबांनी भूमिपूजनाला यावं असं त्याला वाटत होतं. फोन स्पीकरवर होता.

"बाबा, माझा सारा जन्म क्वार्टरमध्ये गेला. आता आपलं स्वतःचं एक मकान होऊन जाऊ दे," तो म्हणाला.

"दवाखान्याच्या मैदानात? कुठल्या साइडला?"

"टेकडीच्या साइडला."

"तिथे नको."

"पण का?"

"नको म्हटलं ना." एवढं बोलून ते उठले आणि अंगणात कढीपत्त्याला पाणी घालायला गेले. त्या कढीपत्त्याला मी तासापूर्वीच पाणी घातलं होतं.

दुसऱ्या दिवशी भावाने मला वेगळा फोन केला. "ताई, तू काही बोललीस का त्यांना?"

"मी कशाला बोलू?"

"नाही, मतलब, इंदूरचं घर तुझ्याकडे, बाबा तुझ्याकडे. मी इकडे काही करायला निघालो की बरोबर कोणीतरी अडवतं. म्हणून विचारलं."

मला इतका राग आला की मी फोन ठेवून दिला. वीस वर्षं बापाची औषधं, दाढीचं सामान, कानातलं यंत्र सांभाळायचं आणि वर हे ऐकून घ्यायचं. पण राग ओसरल्यावर मनात दुसरीच पाल चुकचुकली. बाबांना तिथे का नको, याचं एक उत्तर मला ठाऊक होतं. भावालाही ते ठाऊक असणार. आम्ही दोघांनी ते कधी एकमेकांपाशी उच्चारलं नव्हतं, इतकंच.

मी अठरा वर्षांची असतानाची गोष्ट. खाण बंद व्हायच्या आधीचं शेवटचं वर्ष होतं. खाणीतून आलेले कपडे आई वेगळ्या बादलीत भिजवायची. त्या बादलीचं पाणी शाईसारखं व्हायचं आणि बाबांचं बनियन कितीही चोळलं तरी करडंच राहायचं. त्या वर्षी एकदा होळीच्या सुमाराला आई बादलीपाशी बसून राहिली. पाणी जवळजवळ स्वच्छ होतं. दुसऱ्या दिवशी तसंच, आठवड्यानंतर तसंच. बाबा रोज सकाळी खाणीत जातो म्हणून जायचे, संध्याकाळी यायचे, आणि बनियन पांढरं. आईने तेव्हा काही विचारलं नाही. तिने डोक्यात बेरीज केली. दवाखान्यात एक नवी नर्स आली होती, मैदानाच्या टेकडीकडच्या क्वार्टरमध्ये एकटी राहायची, आणि बाबांना कुणीतरी दोनदा त्या बाजूला बसलेलं पाहिलं होतं.

तेव्हापासून आई त्या दवाखान्याची पायरी चढली नाही. ताप आला तरी नाही. भांडण असं एकदाच झालं. आई म्हणाली, "तुम्ही खाणीत जात नाही. कुठे जाता ते मला माहिती आहे." बाबा खाली बघून जेवत राहिले. त्यांनी नाही म्हटलं नाही. आम्ही दोघं भावंडं समोर होतो. खाण बंद झाली तेव्हा दुसऱ्या खाणीत बदली मिळत होती, पण आईने साफ सांगितलं की ती इंदूरला माहेरी जाणार, यायचं तर या. तिचे वडील इथल्या कापडगिरणीत कारकून होते. बाबा आले, एका खाजगी ऑफिसात नकाशे काढत राहिले. आमचं इंदूर असं सुरू झालं. आई जाईपर्यंत तिने तो विषय पुन्हा काढला नाही आणि बाबांना माफही केलं नाही.

म्हणून टेकडीकडचं मैदान नको म्हटल्यावर माझ्या डोक्यात आधी ती नर्सच आली. शहाऐंशीव्या वर्षीही या माणसाला तिथे तोंड दाखवायची चोरी आहे आणि त्यापायी हा मुलाचं घर अडवतोय, असं मी धरून चालले. तरी मी मास्तरीण आहे. पुराव्याशिवाय मार्क देत नाही.

बाबांच्या लोखंडी पेटीत खाणीच्या शेवटच्या नकाशाची एक प्रत आहे. ट्रेसिंगच्या मेणचट कापडावर काळ्या शाईने काढलेली, खाली त्यांची सही. ही प्रत घरी कशी आली, हेही मी कधी विचारलं नव्हतं. ते दुपारी झोपले तेव्हा मी ती बाहेर काढली.

तो नकाशा वाचायचा तर आधी तिथली जमीन समजायला हवी. डायनोसॉरही नव्हते तेव्हा त्या भागात दलदलीचं जंगल होतं. जिभेच्या आकाराची पानं असलेली झाडं पडत गेली, वर नद्यांनी वाळू आणि गाळ आणून टाकला, आणि दाबून दाबून त्याचा कोळसा झाला. लहानपणी खाणीबाहेर टाकलेल्या करड्या दगडाची खपली काढली की त्यात ती पानं शिरांसकट सापडायची. आम्ही ती वहीत ठेवायचो. फार नंतर लाव्हा आला. आपल्या इंदूरच्या पायाखाली जो काळा दगड आहे तोच तिथे फटींमधून वर घुसला आणि जिथे कोळशाला भिडला तिथला कोळसा जागच्या जागी भाजून निघाला. त्याला खाणीत झामा म्हणतात. तो कुणाच्याच कामाचा नसतो, पण बायका त्याने भांडी घासायच्या.

कोळशाचा थर तिथे तिरपा आहे. जंगलाकडे खोल जातो आणि दवाखान्याच्या मैदानाकडे येता येता वर येतो. खोदायची पद्धत अशी की थरात आडवे-उभे रस्ते काढायचे, मधे कोळशाचेच चौकोनी खांब सोडायचे आणि त्या खांबांवर डोंगर तोलायचा. सगळे रस्ते झाले की शेवटच्या टोकापासून मागे येत येत खांबही काढून घ्यायचे आणि छत आपलं आपण पडू द्यायचं. छत पडण्यापूर्वी आधाराला लावलेलं साल झाडाचं लाकूड कडकडतं, त्याला लकड़ी बोलती है म्हणतात. ते ऐकून पळणारी माणसं त्या गावात घरोघरी होती. पण जिथे थर जमिनीच्या फार जवळ येतो तिथे खोदायचंच नाही, कारण वर माणसं राहतात. तो कोळसा तसाच सोडायचा आणि नकाशावर तिरप्या रेघा मारून तिथे लिहायचं, सॉलिड.

टेकडीकडच्या मैदानाखाली बाबांनी सुंदर तिरप्या रेघा मारल्या होत्या. सॉलिड. एकही रस्ता नाही, एकही पोकळी नाही. त्यांच्याच सहीच्या नकाशाप्रमाणे भावाचा प्लॉट त्या गावातला सगळ्यात भक्कम प्लॉट होता. म्हणजे जमिनीचं कारण नव्हतं. मग नर्सच.

मी नकाशा गुंडाळून भंवरकुआंला नेला, कारण एवढ्या मोठ्या नकाशाची झेरॉक्स तिथेच निघते. दुकानात कोचिंगची मुलं नोट्स घेऊन उभी होती. एक मान वाकडी करून म्हणाला, "भिया, ये तो मेट्रो का नक्शा दिख रिया है." दुकानदाराने विचारलं, "आंटीजी, कौन सी एग्जाम का है?" मी म्हटलं, "घर की." मूळ नकाशा बाबा उठायच्या आत पेटीत ठेवला. त्यांना सांगितलं की दोन दिवस भोपाळला मैत्रिणीकडे जातेय.

"कुठल्या गाडीने?" त्यांनी विचारलं.

मी गाडीचं नाव सांगितलं. त्यांनी पेटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

भावाला मी खरं सांगितलं की प्लॉट बघायला येतेय. तो खूश झाला. सकाळी ऑफिसला जाताना त्याने मला मैदानात सोडलं. जिथे दवाखाना होता तिथे आता पंधरा-वीस घरं उभी आहेत. नर्सचं क्वार्टर कधीच पाडलं गेलंय. गच्चीवर काळ्या टाक्या, दारात तुळस, एका घरातून कुकरच्या शिट्ट्या. भावाच्या प्लॉटवर चुन्याने खोल्या आखल्या होत्या. हॉल, दोन बेडरूम, आणि एका कोपऱ्यात चुन्यानेच लिहिलं होतं, बाबा. ते बघून मला भावाबद्दल जे जे वाटलं होतं त्याची लाज वाटली.

खाणीचं तोंड तिथून हाकेच्या अंतरावर आहे. विटांची भिंत घालून ते बंद केलंय आणि पुढे घाणेरीचं रान माजलंय. पलीकडे मजुरांच्या घरांच्या जुन्या लाइनीत बाबांच्या वेळचा एक सरदार अजून आहे, असं भावजयीने सांगितलं होतं. सरदार म्हणजे खाणीत छत तपासून मजुरांना आत सोडणारा माणूस. मी गेले तेव्हा तो उन्हात खाटेवर बसला होता. कोण ते सांगताच म्हणाला, "सर्वे बाबू की बेटी? बैठो. बाबू हैं अभी?"

मी झेरॉक्स उलगडून त्याच्या पुढ्यात धरली आणि मैदानावर बोट ठेवलं. त्याला वाचता येत नव्हतं, पण नकाशा कळत होता. त्याने तिरप्या रेघांवरून अंगठा फिरवला आणि हसला.

"ये तो सब निकाल लिया था, बेटी. यहाँ कुछ नहीं है. आख़िरी छह महीने हम यहीं काम किए. खान के मुहाने के पास था, ढुलाई कम थी, साहब को टारगेट पूरा करना था."

"पण नकाशात तर सॉलिड लिहिलंय," मी मराठीतच बोलून गेले. त्याला समजलं.

"बाबू नीचे आए कहाँ थे? उस साल होली के पहले से बाबू नीचे नहीं उतरे. सुबह आते, उधर पेड़ के नीचे बैठते. शाम को मैं आकर नाप बता देता, वो लिख लेते. साहब ने बोला था इस जगह का नाप मत बताना, तो मैंने नहीं बताया."

"खाली का उतरत नव्हते?"

"वो उनसे पूछो." मग जरा थांबून म्हणाला, "ऊपर का पत्थर मज़बूत है, इसलिए टिका है. कब तक टिकेगा, पत्थर जाने. हमने तो अपना घर उधर नहीं बनाया."

"त्या लोकांना सांगितलं नाही?"

"किसी ने पूछा नहीं. और नक्शे पर साइन बाबू की है, मेरी नहीं."

मी त्याच्यावरही विश्वास ठेवला नाही. खाणीतली जुनी खुन्नस असेल, मैदानात त्यालाच प्लॉट हवा असेल, म्हाताऱ्याला भ्रम झाला असेल, अशी तीन कारणं मी बसमध्ये बसेपर्यंत शोधून काढली होती. भावाला एक अक्षर बोलले नाही. बापाची सही खोटी आहे हे मुलाला सांगायचं तर आधी बापाच्या तोंडून ऐकायला हवं, असं मला वाटलं. ती माझी चूक झाली. कारण लहान गाव, मी सरदाराच्या खाटेवर तासभर बसले होते ही बातमी संध्याकाळपर्यंत भावाकडे पोचली, आणि मी त्याला काही न सांगता निघून आले होते.

बसमध्ये मी बनियनचा विचार करत होते. होळीच्या आधीपासून, तो म्हणाला होता.

इंदूरला पोचले त्या दुपारी मी जेवणाच्या टेबलावर झेरॉक्स पसरली. ती गुंडाळून येत होती म्हणून चार कोपऱ्यांवर पोहे, साखर, शेव आणि चहाचे डबे ठेवले. बाबा झोपून उठले, बाहेर आले आणि उभेच राहिले.

"भोपाळ," ते म्हणाले.

"हो. भोपाळ. बसा."

ते बसले. मी सरदाराने सांगितलेलं सगळं सांगितलं. ते मधेच थांबवतील, आवाज चढवतील, असं मला वाटलं होतं. ते चष्मा पुसत राहिले.

"तो खरं बोलला," ते म्हणाले. "मला नापं तोच द्यायचा. पण या तुकड्याचं त्याने लपवलं म्हणून मला माहीत नव्हतं असं नाही. रोज किती टब कोळसा वर येतोय ते मला दिसत होतं. तेवढी पोकळी माझ्या नकाशात कुठेच बसत नव्हती. म्हणजे कुठेतरी चोरून काढतायत. कुठे, ते ओळखायला अक्कल लागत नाही. एकदा खाली उतरलो असतो तरी दिसलं असतं."

"मग उतरला का नाहीत?"

त्यांनी साखरेचा डबा उचलला, पुन्हा होता तिथे ठेवला.

"छत खाली आलं होतं. मी आणि तो सरदार माप घेत होतो. टेपचं एक टोक माझ्या हातात, दुसरं त्याच्या. मधे दगड आला. एवढ्या टेबलाएवढा. मला काही झालं नाही. टेप ओढली तर ती येईना. पलीकडून तो ओरडत होता, बाबू, ठीक हूँ, ठीक हूँ. त्याला फिरवून दुसऱ्या रस्त्याने आणला. तो दुसऱ्या दिवशी कामावर गेला. मी पण गेलो. तोंडापर्यंत गेलो आणि पाय उचलेना. मग रोज तसंच. टेकडीकडे झाडाखाली बसून राहायचो शिफ्ट संपेपर्यंत."

"आणि नर्स?"

"कोणती नर्स?" ते खरंच विचारत होते. मग त्यांच्या लक्षात आलं. "ती एकदा पाणी विचारायला आली होती. बस."

मला रडू आलं आणि संतापही आला, आणि कोणता आधी येऊ द्यावा ते कळेना. मी म्हटलं, "आईला वीस वर्षं असं वाटत होतं की तुम्ही... तुम्ही तिला एकदा सांगायचं होतं ना, बाबा. ती त्यात गेली."

"खाणीत उतरायला घाबरतो, असा सर्व्हेयर? तिथे कोळसा भरणाऱ्या बायासुद्धा कधीकाळी खाली गेलेल्या." ते हळूहळू बोलत होते. "तुझ्या आईने दुसरं काहीतरी धरलं. मला वाटलं, ते बरंय. त्यात निदान पुरुषासारखं काहीतरी होतं."

असं वाक्य मी आयुष्यात ऐकलं नव्हतं आणि पुन्हा ऐकू नये असं मला वाटतं. मी उठून स्वयंपाकघरात गेले, नळ सोडला आणि बंद केला. परत आले तेव्हा ते पेन्सिल धरून नकाशावर वाकले होते.

"पट्टी धर," ते म्हणाले. "जे मोजलेलं नाही ते तुटक रेघेने दाखवतात."

मी पट्टी धरली. त्यांनी तिरप्या रेघांवरून तुटक रस्ते काढले, अंदाजाने, वेडेवाकडे. सर्व्हेयरने छतावर चुन्याची रेघ मारून दिल्याशिवाय रस्ता सरळ जात नाही आणि तिथे त्यांनी रेघ मारून दिलेलीच नव्हती, म्हणून तो वाकडाच गेला असणार. खाली त्यांनी लिहिलं की या भागात मी स्वतः उतरलो नव्हतो आणि सही न पाहता केलेली आहे. आजची तारीख घातली. मग मी भावाला फोन लावला.

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "ताई, तू त्या सरदाराकडे जाऊन बसलीस. मला सांगितलं नाहीस. आता बाबांकडून हे लिहवून घेतलंस. मी काय समजू?"

बाबांनी फोन ओढून घेतला. "अरे, तिने काही लिहवलं नाही. मीच आत गेलो नव्हतो. मला भीती वाटायची. दुसरं काहीही नव्हतं. कोणी बाई नव्हती."

मग भावाचा आवाज आला.

"बाबा, पाया खणायला घेतलाय. आज सकाळीच. तुम्ही नाही म्हणाल म्हणून मी सांगितलं नाही."

"आज काम थांबव," बाबा म्हणाले. "मजुरांना त्या जागेवरून हलव. मी येतो."

"तुम्ही येऊन काय करणार?"

"तिथे आणखी घरं आहेत ना. तुझं एकट्याचं थोडंच आहे."

हे त्यांना आता सुचलं, याचा मला पुन्हा राग आला. दिवाळीपासून आम्ही तिघंही भावाच्या प्लॉटबद्दलच बोलत होतो. मी स्वतः त्या मैदानात उभी राहून कुकरच्या शिट्ट्या ऐकल्या होत्या आणि सरदाराला एक वाक्य विचारून गप्प बसले होते. बाबांना तर त्या मैदानाखाली काय आहे ते चाळीस वर्षं ठाऊक होतं. तिथे एकेक घर उभं राहत होतं तेव्हा ते इथे फरशा ठोकत होते.

पुढच्या आठवड्यात आम्ही गेलो. भावाने काम थांबवलं होतं. स्टेशनवर त्याने बाबांच्या पायाला हात लावला, पण माझ्याशी तो फार बोलला नाही. अर्ज आणि नकाशाची प्रत तहसील कचेरीत दिली. तिथल्या साहेबांनी कागद उलटसुलट केला आणि विचारलं, तुमचा तिथे कुणाशी जमिनीचा वाद आहे का. बाबा म्हणाले, नाही. साहेबांनी विश्वास ठेवला असं मला वाटलं नाही. तपासणी होईल, म्हणाले.

मग बाबांनी घरोघरी जाऊन सांगायचं ठरवलं. मी म्हटलं, पत्र लिहू. ते नाही म्हणाले. ऊन डोक्यावर यायच्या आत निघालो. बाबांचा एक हात माझ्या खांद्यावर, दुसऱ्या हातात झेरॉक्स, मागे भाऊ. पहिल्या घरातल्या बाई कणीक मळता मळता उठून फाटकाशी आल्या. हात कोपरापर्यंत पिठाचे. बाबांनी हिंदीत सगळं सांगितलं. खाली पोकळ आहे, नकाशा चुकीचा आहे, तो चाळीस वर्षांपूर्वी मी काढला होता, तपासणी होईपर्यंत टेकडीकडच्या मागच्या खोलीत कुणी झोपू नका. त्या लक्ष देऊन ऐकत होत्या. त्यांची नजर बाबांवरून भावावर गेली, मग पलीकडे त्याच्या पायासाठी खणलेल्या चरांकडे.

"चालीस साल बाद बता रहे हैं आप," त्या म्हणाल्या. "बेटे का मकान बनने लगा, तब याद आया?"

भाऊ काहीतरी बोलायला पुढे झाला. बाबांनी त्याला हाताने थांबवलं.

"हाँ," ते म्हणाले. "तब याद आया."

त्या फाटक लावून आत गेल्या. आम्ही पुढच्या घराकडे वळलो.